विश्लेषण : ‘अस्मी’ घडली चार महिन्यांत, जवानाच्या हाती यायला तीन वर्षे

सातारा-सांगलीकडची मुले लष्करात जातात, हे नव्याने सांगायला नको. पाटणचा एखादा जवान काश्मीरमध्ये लष्करी ट्रक चालवत असेल आणि अचानक हल्ला झाला, तर त्याने कोणते शस्त्र उचलायचे? इन्सास रायफल जवळपास मीटरभर लांब. केबिनमध्ये ती वळवण्यातच वेळ जातो. पिस्तूल सुटसुटीत, पण ट्रिगर दाबला की एकच गोळी. या दोन्हींमधली जागा मशीन पिस्तूल भरून काढते.

‘अस्मी’ हे पहिले भारतीय बनावटीचे मशीन पिस्तूल. महूचे इन्फंट्री स्कूल आणि पुण्यात पाषाणला असलेली डीआरडीओची ‘एआरडीई’ प्रयोगशाळा यांनी ते मिळून विकसित केले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी त्याची रचना केली. १४ जानेवारी २०२१ रोजी सरकारने ते जाहीर केले, तेव्हा नमुना चार महिन्यांत तयार झाल्याचे सांगितले होते.

वेग कशामुळे आला? थ्रीडी प्रिंटिंगमुळे. नेहमीच्या पद्धतीत एखादा भाग बदलायचा तर साचा, जोडणी सगळे पुन्हा. इथे संगणकावरचे चित्र बदलायचे आणि नवा भाग छापायचा. ट्रिगरचे भाग तर धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवले. वरचा सांगाडा विमानासाठी वापरतात त्या दर्जाच्या अ‍ॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. नळी ८ इंचांची, मॅगझिन ३३ गोळ्यांचे. गोळी लष्कराकडे आधीपासून असलेली ९ मिमीचीच, म्हणजे पुरवठ्याची नवी डोकेदुखी नाही. अर्थात ही पिस्तुलाची गोळी आहे. लांब पल्ल्यावर ती रायफलची बरोबरी करणार नाही. रणगाड्यातले जवान, चालक, रेडिओ ऑपरेटर आणि घरात शिरून कारवाई करणाऱ्या तुकड्या हे तिचे खरे वापरकर्ते.

घोडे अडले ते पुढे. उत्तर विभागासाठी ५५० अस्मींची ऑर्डर हैदराबादच्या लोकेश मशिन्सला मिळाली ती २०२४ मध्ये. चाचण्या हव्यातच. शस्त्र ऐनवेळी अडकले तर किंमत जवानाच्या जिवाने मोजावी लागते. पण चार महिन्यांच्या नमुन्यामागे तीन वर्षांची वाट, हे गणित पटणारे नाही. २०२१ मध्ये उत्पादनखर्च ५० हजार रुपयांच्या आत सांगितला होता. ऑर्डर सुमारे ४.२६ कोटींची, म्हणजे नगामागे ७७ हजारांच्या घरात. शिवाय दहा लाखांहून मोठ्या लष्करात ५५० हा आकडा चवीपुरताच.

ही शस्त्रे बर्फात, धुळीत कशी चालली, याचे जवानांचे अनुभव आता थेट पाषाणला पोहोचायला हवेत. दुरुस्ती चार महिन्यांत होऊ शकते, हे तिथे सिद्ध झालेलेच आहे.