जिना मोकळा हवा, खोली नव्हे

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला, की मुंबईतील अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडून जाहीर होते. याच सुमारास जुन्या चाळींतील कोणा ना कोणा भाडेकरूच्या हाती मालकाच्या वकिलाची नोटीस पडते. मजकूर ठराविक असतो : आपण जिन्यावर, गॅलरीत व खोलीत बेसुमार सामान साठविले आहे, त्यामुळे इमारतीस व शेजाऱ्यांस धोका उत्पन्न झाला आहे, सबब जागा खाली करून द्यावी. ही नोटीस घेऊन भाडेकरू आपल्या कार्यकर्त्याकडे येतो आणि कार्यकर्ता त्यास धीर देतो, ‘हा मालकाचा कावा आहे, घाबरू नका.’ कावा पुष्कळदा असतोच. परंतु जिना अडलेला असतो, हेही पुष्कळदा खरे असते. या दोन सत्यांपैकी एक पाहावयाचे आणि दुसऱ्याकडे डोळेझाक करावयाची, ही सवय भाडेकरूंच्या चळवळीला महाग पडणारी आहे.

प्रथम धोक्याचा विचार करू. गिरगाव, काळबादेवी, लालबाग या भागांतील जुन्या इमारतींत लाकडी तुळया आणि लाकडी जिना असतो; बहुधा एकच जिना आणि त्याच्याच पायथ्याशी विजेचे मीटर. तेथे ठिणगी पडली तर तो जिना म्हणजे धुराडे होय. अशा जिन्यावर फळकुटे, रद्दीचे गठ्ठे, मोडक्या सायकली ठेवणे म्हणजे धुराड्यात सरपण रचून ठेवणे. गॅलरीतील पिंपांचाही हिशेब करून पाहावा. दोनशे लिटरच्या भरलेल्या एका पिंपातील पाणीच दोनशे किलो भरते. दहा बिऱ्हाडांची दहा पिंपे म्हणजे शंभर वर्षांच्या तुळयांवर दोन टनांचा कायमचा भार. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीतील एका जुन्या इमारतीला लागलेली आग विझविताना इमारत ढासळली आणि अग्निशमन दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावातील एका पुनर्वसन इमारतीच्या तळाशी आग लागून किमान सात जीव गेले. वाहने ठेवण्याच्या जागेत साठलेल्या कापडाच्या चिंध्यांनी ती भडकल्याचे तेव्हाच्या वृत्तांत आले होते. आगीला मालक आणि भाडेकरू हा भेद कळत नाही. मात्र तिच्यात होरपळतो तो वरच्या मजल्यावर झोपलेला भाडेकरू. मालक बहुधा अन्यत्र राहत असतो.

परंतु हे सामान तेथे आले कसे? भाडेकरूंना स्वच्छतेची आवड नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि खोटे आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे १९२० नंतरच्या दशकात सरकारनेच बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तीत तीन पिढ्या नांदल्या. माणसेच गॅलरीत झोपत, तेथे ट्रंक आत कोठे राहणार? पाणी ठराविक तासच येते, म्हणून पिंप भरून ठेवावे लागते. जुनी वस्तू फेकली तर नवी घेण्यास पैसा लागतो, म्हणून ती पोटमाळ्यावर चढते. ज्याची मिळकत अनिश्चित, त्याची साठवण अधिक. हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.

याहून एक मोठे कारण आहे, ज्याकडे आपले लक्ष पुरेसे गेलेले नाही. घरी शिवणकाम, पॅकिंग, नकली दागिने जुळविणे अशी कामे करणाऱ्या स्त्रियांच्या खोल्यांतून कापडाचे तागे, पुठ्ठा, प्लॅस्टिक, चिकटद्रव्ये यांचे ढीग दिसतात. हा माल त्यांचा नव्हे, काम देणाऱ्या व्यापाऱ्याचा आहे. त्याने गोदामाचे भाडे वाचविले आणि गोदामातील धोका मजूर स्त्रीच्या उशाशी आणून ठेवला. नोटीस मात्र तिला मिळते. व्यापाऱ्याला कोणी विचारीत नाही.

आता मालकाची बाजू. ती ऐकून घेतलीच पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी मुख्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. त्या भाड्यातून जिन्यातला दिवा लावण्याचाही खर्च निघत नाही, ही लहान मालकाची तक्रार निराधार नव्हती. अशी गोठवणूक वाजवी राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली म्हटले. त्यानंतरच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. परंतु मालकाचे हित आज भाड्यात उरलेले नाही. ते इमारतीखालच्या जमिनीत आहे. भाडे नगण्य आणि जमीन सोन्याच्या मोलाची, अशा स्थितीत जिन्यावरची ट्रंक ही मालकाला अडचण न वाटता संधी वाटू लागते, आणि धोका दूर करण्यापेक्षा त्याची नोंद करून ठेवणे अधिक किफायतशीर होते. संशयाचे मूळ येथे आहे.

कायदा काय म्हणतो, हे दोघांनीही नीट वाचावे. शेजारच्या रहिवाशांना उपद्रव होईल असे भाडेकरूचे वर्तन असल्यास कलम १६ अन्वये मालकास जागेचा ताबा मागता येतो. येथे कसोटी मालकाच्या नाराजीची नाही, शेजाऱ्यांच्या त्रासाची आहे. कलम २८ प्रमाणे पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा मालकास हक्क आहे. तो नाकारण्यात शहाणपण नाही. त्याचबरोबर कलम १४ ने इमारत दुरुस्त ठेवण्याचे बंधन मालकावर घातले आहे, आणि कलम २९ ने पाणी व वीज तोडण्यास मनाई केली आहे. त्या कलमातील अत्यावश्यक सेवांत जिन्यातील व वाटेतील दिव्यांचाही नावानिशी समावेश आहे. ज्याने जिन्यातला दिवा वर्षानुवर्षे लावला नाही, त्याने त्याच जिन्यावरच्या ट्रंकेबद्दल नोटीस काढावी, हे कोणत्या न्यायात बसते?

आमच्या माहितीतील एक प्रसंग येथे सांगणे उपयुक्त ठरेल. गिरगावातील ज्या चाळीत आमची अनेक वर्षे गेली, तेथे एक वृद्ध विधवा एकट्या राहत. पती गिरणी कामगार, जुने युनियनवाले. त्यांच्या मागे काकूंनी वर्तमानपत्रे, डबे, दोऱ्या, कापडाचे तुकडे काही म्हणून टाकले नाही. खोली भरली, दार पुरते उघडेना, ढीग गॅलरीत आले. मालकाचे मेहताजी नोटीस देऊन गेले. शेजारीही कंटाळले होते. साक्ष देण्यास दोघे तयार झाले होते. चाळ समितीने काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मास्तर, आज रद्दीवाला दारात आला, की उद्या बिऱ्हाडच बाहेर काढतील.’ त्यांचा ढीग हा त्यांच्या भीतीचा ढीग होता. समितीने प्रथम मालकाकडून लिहून घेतले, की सामान हलविले तरी खोलीवरील हक्कास बाध येणार नाही. मग काकूंच्या भाच्याला बोलाविले. पतीची युनियनची कागदपत्रे समितीच्या कपाटात ठेवली आणि बाकीचे काकूंच्या देखत, त्यांना विचारून, तीन रविवारांत हलविले. मालकाने जिन्याखालची कुलूपबंद खोली सामानासाठी उघडून दिली आणि दिवा लावला. काकू अखेरपर्यंत त्याच खोलीत राहिल्या.

संग्रहाचा असा अनावर ध्यास हा मानसिक विकार असू शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणानेही मान्य केले आहे. अशा माणसाच्या अपरोक्ष खोली रिकामी केल्याने विकार बरा होत नाही, तो बळावतो. तेथे नातेवाईक आणि डॉक्टर हवेत, बेलिफ नव्हे.

यावरून मालकाने काय करावे, हे स्पष्ट आहे. अव्यवस्था आणि धोका यांत त्याने भेद करावा. खोलीत पसारा असणे हा गुन्हा नव्हे. वाट अडणे, मीटरजवळ जळाऊ माल असणे, तुळईवर भार पडणे, सिलिंडर नको तेथे असणे हा धोका होय. पाहणी पूर्वसूचना देऊन आणि भाडेकरूंच्या प्रतिनिधीसमक्ष करावी. कोणती वस्तू, कोठून, किती दिवसांत हलवावयाची, हे लेखी सांगावे. पर्यायी जागा, पाण्याची सामायिक टाकी, दुरुस्त वायरिंग ही आपली कर्तव्ये आधी पार पाडावीत. इतके करूनही कोणी शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळत असेल, तर लघुवाद न्यायालय आहे. स्वतः कुलूप तोडणे वा पाणी बंद करणे हा मार्ग नव्हे.

आणि आपण काय करावे? भाडेकरू संघाने जिना मोकळा ठेवणे हा स्वतःचा कार्यक्रम मानावा. पावसाळ्यापूर्वी एका रविवारी समितीने चाळ पाहावी, वाट मोकळी करावी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. घरी काम करणाऱ्या स्त्रियांचा माल व्यापाऱ्याने आपल्या खर्चाने सुरक्षित जागी ठेवावा, अशी मागणी कामगार संघटनांनी पुढे आणावी. खोली सोडली की संक्रमण शिबिरात वर्षे जातात, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, ते सामानाला का चिकटून राहतात हे आपणास समजले पाहिजे. परंतु समजून घेणे म्हणजे जिना अडू देणे नव्हे.

शेजाऱ्यांची साक्ष ज्याच्या बाजूने, त्याच्या बाजूने हा कायदा झुकतो. ती साक्ष मालकाच्या वकिलाकडे जाण्यापूर्वी आपण शेजाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकले आणि ट्रंकेचे दुसरे टोक स्वतः धरले, तर नोटिशीत लिहिण्यासारखे मालकाकडे काही उरणार नाही.