गोचीडतापाचं नेमकं नाव शोधा

रत्नागिरीतल्या वाडीवरचा गोठा. संकरित गाईने कालपासून वैरणीला तोंड लावलेलं नाही. खांद्यापुढची गाठ सुजली आहे, ताप १०५ अंशांच्या वर गेला आहे आणि दूध आटलं आहे. कानाच्या आत आणि कासेपाशी गोचिडी चिकटल्या आहेत. पशुवैद्यक कानाच्या कडेला सुई टोचतात आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतात. घरच्यांच्या तोंडी आजाराचं नाव एकच, गोचीडताप.

या एका नावाखाली अनेक जीव दडलेले असतात. थायलेरिया आणि बबेसिया हे एकपेशीय परजीवी, ॲनाप्लाझ्मा तर जिवाणू. थायलेरिया ॲन्युलाटा गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला कर्करोगाच्या पेशीसारखी बेसुमार वाढायला लावतो. त्याचा भाऊबंद थायलेरिया ओरिएंटालिस बराच काळ सौम्य समजला जाई. पण केरळात त्याने संकरित जनावरांचे बळी घेतल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे तांबड्या पेशीत शिरल्यावर हे दोघे इतके बारीक दिसतात की काचपट्टीवर सहज गफलत होते. ओरिएंटालिसचे पोटप्रकार तर डीएनएची अक्षरं वाचल्याशिवाय वेगळे करताच येत नाहीत. न्यूझीलंडमध्ये २०१२ पासून गाईंना रक्तक्षयाने आडवं करणारा ‘इकेडा’ हा असाच एक पोटप्रकार.

औषधाच्या बाबतीतही डीएनएकडेच पाहावं लागतं. ब्युपार्व्हाक्वोन हे थायलेरियावरचं हुकमी औषध, पण परजीवीच्या सायटोक्रोम-बी जनुकात बदल झाला की ते निकामी ठरू शकतं. ट्युनिशिया आणि इराणमध्ये हे आढळलं आहे.

महाराष्ट्रात या दिशेने काम झालेलं आहे. नागपूरच्या आणि स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांनी राज्यातल्या गाईंचं रक्त पीसीआर या डीएनए तपासणीने तपासलं. संसर्ग अंगात मुरवून जगण्याची किंमत देशी गाईपेक्षा संकरित गाईला जास्त मोजावी लागते, असं त्यांनी २०१७ मध्ये मांडलं. दुधासाठी संकरित गाय घेणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला हे कळायलाच हवं.

कोकण कपिला या इथल्या काटक गाईला २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. तिच्या आणि शेजारच्या संकरित गाईच्या रक्तात कोणते परजीवी, कोणत्या पोटप्रकाराचे, हे तालुक्यागणिक नोंदलं गेलं पाहिजे. दापोलीचं कृषी विद्यापीठ रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. पशुसंवर्धन खात्याने त्याला सोबत घेऊन हे काम हाती घ्यावं. आणि गोपालकांनीही काचपट्टीसोबत रक्ताची एक नळी डीएनए तपासणीसाठी पाठवण्याचा आग्रह धरावा.