पंधरा सेकंदांची कृपा

कसारा लोकल आमच्या आटगावला जेवढा वेळ थांबते, तेवढ्यात भाजीच्या दोन पाट्या आणि त्यांच्यामागून शिव्या देत एक म्हातारी आत चढते. व्हॅटिकनचा आशीर्वाद याहूनही आटोपशीर आहे. समलिंगी जोडप्यांना पाद्री आशीर्वाद देऊ शकतात, असं रोमने 18 डिसेंबर 2023 ला जाहीर केलं. जगभर बोंब उठली. मग 4 जानेवारीला खुलासा आला: घाबरू नका, दहा-पंधरा सेकंदांचंच काम आहे!

मूळ जाहीरनाम्यातली पथ्यं वाचा, करमणूक होईल. लग्नाचा पोशाख नको, लग्नाचे हावभाव नकोत, ठरावीक विधी नको. मागणाऱ्याची नैतिक झडती घेऊ नका, असंही त्याच कागदात आहे. झडती नाही, फक्त कपडे तपासायचे! आशीर्वाद जोडप्याला, त्यांच्या संबंधाला नाही. म्हणजे दोघं आलेत हे फादरनी पाहायचं. दोघं मिळून का आलेत, याकडे डोळेझाक. एवढी सूक्ष्म मीमांसा आमच्या बाजारात कुणी केली, तर लोक त्याला लबाड म्हणतात.

बरं, मार्च 2021 मध्ये हा जाहीरनामा काढणारं व्हॅटिकनचं हेच खातं सांगत होतं, की देव पापाला आशीर्वाद देत नाही, देऊ शकतच नाही. पोप तेव्हाही फ्रान्सिसच. मधल्या काळात देवाला बढती मिळाली म्हणायची का?

आपल्याकडचे विरोधक तर महाथोर. ‘ही पाश्चात्त्य थेरं!’ आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 काय शहापूरच्या ग्रामसभेने मंजूर केलं होतं? मेकॉलेसाहेबाच्या मसुद्यातून ते 1860 च्या दंडसंहितेत आलं. ते वाचवायला सर्वोच्च न्यायालयात गेले कोण? एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल... एरवी एका पंगतीला न बसणारी मंडळी! सर्वधर्मसमभावाचं याहून गोमटं दर्शन कुठलं? 2013 साली जिंकलेही. मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस तेव्हा म्हणाले, आम्ही या लोकांना गुन्हेगार मानत नाही. चांगलं झालं. पण लग्नाचं नाव काढलं की चर्चचं दार बंद.

वांद्र्याला मोतमावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत जाऊन बघा. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ, मेणाचं घर. ज्याला जे हवं ते तो वाहतो. त्यात हिंदू असतात, पारशी असतात. घर काळ्या पैशाचं आहे का, असं माउली कुणाला विचारत नाही. चौकश्या सुचतात त्या तिच्या कारकुनांना.

आणि हा आशीर्वाद मिळून मिळणार काय? इस्पितळात नातलग म्हणून सहीसुद्धा नाही. लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 लाच नाकारलाय. उरतात फक्त चार बरे शब्द. तेवढे बोलायलाही ज्यांना नियमावली आणि वर खुलासा लागतो, त्यांनी आयुष्यभर संसार रेटणाऱ्यांना प्रेमावर प्रवचन देऊ नये.