‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ आणि भारतीय फुटबॉल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताचा फुटबॉल संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल करून आघाडी मिळवून दिली होती. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी साधली, मध्यंतरानंतर त्यानेच दुसरा गोल केला, आणि उरलेल्या अर्ध्या तासात आपल्या संघाला उत्तर सापडले नाही. गट चार देशांचा होता : भारत, बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर. सोडत निघाली तेव्हा या चौघांत क्रमवारीने सर्वांत वर भारतच होता. पहिल्या पाच सामन्यांत आपण दोन गोल केले, दोन गुण मिळवले, एकही सामना जिंकला नाही.

पराभव झाला की आपल्याकडे लगेच फिर्याद दाखल होते आणि आरोपी आधीच ठरलेला असतो. या खेपेला आरोपी ठरला खालिद जमील. बाररूमच्या चहापासून वर्तमानपत्रांच्या पानांपर्यंत एकच सूर ऐकू आला, की देशी माणूस नेमला, आता भोगा. या सुराची उलटतपासणी आम्हाला करायची आहे. फुटबॉलशी चळवळीचा काय संबंध, असे काही कार्यकर्ते विचारतील. पुढे वाचावे म्हणजे कळेल. बिंदुनामावली आणि अनुशेष या शब्दांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही.

क्रिकेटमध्ये निवड समिती असते. फुटबॉलमध्ये संघ निवडतो प्रशिक्षक, त्यामुळे कोण खेळले आणि कोण बाकावर बसले याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. मात्र प्रशिक्षकाला निवडतो महासंघ. निकालपत्र लिहायचे तर आरोपी दोन आहेत, आणि दुसऱ्या आरोपीला समन्स निघालेलेच नाही.

थोडे मागे जाऊ. क्रोएशियाचे इगोर स्टिमाक मे २०१९ ते जून २०२४ अशी पाच वर्षे प्रशिक्षक होते. २०२१ आणि २०२३ ची सॅफ स्पर्धा त्यांनी जिंकून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशिया चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून हरला आणि तीन सामन्यांत एकही गोल करू शकला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला आपल्याच घरी २-१ ने हरवले. विश्वचषक पात्रतेची वाट तिथेच अर्धी बुजली, जूनमध्ये दोह्यात पुरती बुजली, आणि मग स्टिमाक यांना काढले.

पण या पाच वर्षांतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट मैदानाबाहेरची आहे. जून २०२२ मध्ये बातमी आली, की महासंघाने संघाला ‘प्रेरणा’ देण्यासाठी एका ज्योतिष संस्थेला लाखो रुपये मोजले. सप्टेंबर २०२३ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने त्याहून पुढचे छापले. अफगाणिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी प्रशिक्षकांनी खेळाडूंची यादी एका ज्योतिषाकडे पाठवली, कोणाचा दिवस चांगला आणि कोणाचा वाईट याचे शेरे तिकडून आले, आणि ही ओळख महासंघाच्या त्या वेळच्या महासचिवांनी करून दिली होती, असे ते वृत्त होते. तो सामना भारत २-१ ने जिंकला, तो छेत्रीची फ्री किक आणि सहल अब्दुल समदचा शेवटच्या क्षणाचा गोल यामुळे. जिंकल्याचे श्रेय कोणत्या ग्रहाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण पंधराव्या वर्षी घर सोडून अकादमीत गेलेल्या एखाद्या पोराचे नाव ‘आजचा दिवस बरा नाही’ म्हणून यादीतून गेले असेल, तर त्याने दाद मागायची कोणाकडे? आपल्या राज्यघटनेच्या ५१-अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ज्योतिष येत नाही, ही उणीव आम्हाला ठाऊक आहे. तरी जन्मवेळेवरून माणसाची लायकी ठरवण्याचा हा धंदा आपल्या समाजाला नवा नाही, म्हणून त्याची चीड जास्त.

स्टिमाकनंतर जुलै २०२४ मध्ये आले स्पेनचे मानोलो मार्केझ. माणूस जाणकार, आयएसएलमध्ये हैदराबादला विजेतेपद मिळवून दिलेला. पण त्याच वेळी ते एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते आणि पूर्ण २०२४-२५ हंगामभर राहिले. एकाच माणसाच्या एका हातात क्लबचा संघ, दुसऱ्या हातात देशाचा. आम्ही वकील आहोत. स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ नये, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला धडा. मार्केझ यांनी आपल्या क्लबच्या खेळाडूंना झुकते माप दिले असे आमचे म्हणणे नाही, तसा पुरावाही नाही. पण गोव्याचा खेळाडू घेतला तर इतर क्लबांना शंका, नाही घेतला तर त्या खेळाडूवर अन्याय, अशा कात्रीत प्रशिक्षकाला महासंघाने मुद्दाम बसवले. आणि वेळेचे काय? राष्ट्रीय प्रशिक्षकाने आठवड्याला चार मैदाने फिरून पोरे पाहायची असतात. इथे प्रशिक्षक शनिवारी स्वतःच्याच क्लबच्या सामन्यात गुंतलेला.

निकाल डोळ्यांसमोर आहे. आठ सामने, एक विजय, चार बरोबऱ्या, तीन पराभव. २०२४ या पूर्ण वर्षात भारत एकही सामना जिंकला नाही. एकमेव विजय आला मार्च २०२५ मध्ये शिलाँगला, मालदीवविरुद्ध. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी, जूनमध्ये हाँगकाँगला अगदी शेवटी पेनल्टीवर पराभव, आणि जुलैच्या सुरुवातीला मार्केझ मोकळे झाले. मजा पाहा, त्याच मोसमात एफसी गोवा लीगमध्ये दुसरा आला आणि मे महिन्यात त्याने सुपर कप जिंकला. म्हणजे माणूस नालायक नव्हता. त्याची नेमणूक नालायक होती.

आता छेत्रीचा प्रश्न. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात निरोपाचा सामना खेळला. नऊ महिन्यांनी, चाळिसाव्या वर्षी, मार्केझ यांनी त्याला परत बोलावले. भावनेच्या भरात यावर बरेच लिहिले गेले. आमचे मत असे, की बोलावण्यामागे तर्क होता, पण तो तर्कच व्यवस्थेवरचे आरोपपत्र आहे. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये छेत्रीने १४ गोल केले. भारतीय खेळाडूंत त्याच्यापुढे कोणीही नव्हते. चाळिशीतला माणूस देशातला पहिल्या क्रमांकाचा आघाडीपटू असेल, तर विशी-पंचविशीतले कुठे आहेत? ते बाकावर आहेत. क्लबांना मैदानावर चार परदेशी खेळवता येत होते, आणि गोल करण्याची जागा सर्वांत महाग असल्याने ती बहुतेक क्लबांनी परदेशी खेळाडूलाच दिली. मिझोरमचा, मणिपूरचा, केरळचा मुलगा आघाडीपटू म्हणून क्लबात येतो आणि दोन वर्षांत त्याला बाजूला, पंखावर खेळायला लावतात. मग राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणतो, गोल करणारा माणूस नाही. जागा दिली नाही, अनुभव मिळू दिला नाही, आणि मग अनुभव नाही म्हणून जागा नाकारली. ही वर्तुळाकार युक्ती आमच्या वाचकांनी कितीदा ऐकली आहे!

प्रशिक्षकांच्या बाबतीत तर ती तंतोतंत लागू पडते. गोव्याचे साव्हिओ मेदेरा २०११-१२ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक होते. त्यांच्यानंतर नेदरलँड्सचे कोव्हरमन्स, इंग्लंडचे कॉन्स्टंटाईन, मग स्टिमाक, मग मार्केझ. तेरा वर्षे एकाही भारतीयाची नेमणूक नाही. कारण कधी लिहून दिले नाही, पण ते सर्वांना पाठ होते : योग्य उमेदवार उपलब्ध नाही. विद्यापीठातल्या राखीव जागांच्या फायलीवर हाच शेरा मारून वर्षानुवर्षे पदे रिकामी ठेवली जातात, हे आम्ही कोर्टात पाहतो. ज्या देशाला १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक होते, त्या देशात हा शेरा मारला गेला. रहीमसाहेबांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला, म्हणजे मुळातल्या बचावपटूला, अंतिम सामन्यात आघाडीला खेळवले आणि त्याने कोरियाविरुद्ध गोल केला. संघनिवड म्हणतात ती याला!

खालिद जमील यांच्या सेवापुस्तिकेत काय होते? मुंबई एफसी हा तुटपुंज्या पैशाचा क्लब त्यांनी सात वर्षे आय-लीगमध्ये तगवून धरला. २०१६-१७ मध्ये आयझॉलला आय-लीगचे विजेतेपद. हा तोच क्लब, जो आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि गोव्याचे दोन क्लब बाहेर पडल्याने कसाबसा परत आला होता. २०२०-२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची धुरा मध्येच हाती घेऊन संघ उपांत्य फेरीत. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर लीगच्या उपांत्य आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत. महासंघानेच त्यांना लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवले होते. तरीही १७० अर्जांच्या ढिगात (त्यात ग्वार्डिओला आणि झावी यांच्या नावाने आलेले खोटे ईमेलही होते, आणि त्याचीच बातमी सर्वांत मोठी झाली) त्यांचे नाव पुढे यायला मार्केझ यांचा प्रयोग फसावा लागला. आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीने तीन नावे काढली आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी जमील नेमले गेले. विजयन म्हणजे त्रिशूरच्या मैदानात सोडाबाटल्या विकत मोठा झालेला खेळाडू. त्यांना फाटक्या बुटांची किंमत ठाऊक असणार.

नेमणूक झाली, पण कधी? गटातले दोन सामने आधीच हातचे गेल्यावर. पहिल्याच स्पर्धेला, ताजिकिस्तानातल्या काफा चषकाला, मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. स्पर्धा फिफाच्या ठरवलेल्या कालावधीआधी सुरू होत होती, त्यामुळे क्लब कायद्याने चूक नव्हता. कायदा पाळूनही देशाचे काम अडवता येते, याचे हे चांगले उदाहरण. जमील यांनी छेत्रीलाही घेतले नाही. उरलेल्या संघाने यजमान ताजिकिस्तानला २-१ ने हरवले, मुहम्मद उवैसच्या लांब थ्रोवर बचावपटूंनी गोल केले, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात क्रमवारीत खूप वर असलेल्या ओमानला पेनल्टीवर नमवले. खेळ देखणा नव्हता. चेंडू लांब मारा, मागे घट्ट राहा, असा प्रकार. पण संघाला आपण कोण आहोत हे माहीत होते.

म्हणूनच ऑक्टोबरमध्ये जे झाले ते आम्हाला खटकते. सिंगापूरच्या दोन सामन्यांसाठी जमील यांनी छेत्रीला परत घेतले. ऑगस्टमध्ये दाखवलेले धैर्य ऑक्टोबरमध्ये गळाले, असे आम्हाला वाटते. दोन्ही सामन्यांत छेत्रीचा गोल नाही. पहिल्या सामन्यात संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी जिद्दीने खेळून रहीम अलीच्या गोलवर बरोबरी साधली, आणि फातोर्ड्याला आघाडी घेऊनही संघ मागे मागे सरकत गेला. जिंकणे भाग होते त्या दिवशी आघाडी सांभाळण्याचा खेळ केला, ही प्रशिक्षकाची चूक. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाने १-० ने हरवले, बावीस वर्षांत प्रथमच. तिथेही गोल खाल्ल्यावर ऐंशी मिनिटे हातात होती. जमील यांना आम्ही निर्दोष सोडत नाही. पण स्टिमाक हरले तेव्हा ‘युरोपीय प्रशिक्षक नकोत’ असे कोणी म्हटले नाही. मार्केझ हरले तेव्हा ते एकटे हरले. जमील हरले की सगळे भारतीय प्रशिक्षक हरले. आपल्या माणसाची चूक ही त्याच्या साऱ्या जमातीची चूक ठरवायची आणि दुसऱ्याची चूक त्याची एकट्याची, हा न्याय कुठला?

आणि आरोपी क्रमांक दोन? महासंघाचा खटला २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयात होता. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने अकरा दिवस देशाला निलंबित केले, पुढच्याच महिन्यात कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मतांनी अध्यक्ष झाले, आणि समोर उभा असलेला उमेदवार होता बायचुंग भुतिया. महासंघाची घटना मंजूर व्हायला १९ सप्टेंबर २०२५ उजाडला. त्या दरम्यान आयएसएल चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आला, जुलैमध्ये लीग थांबवली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये नव्या निविदेला एकही बोली आली नाही. म्हणजे फातोर्ड्याला जे अकरा जण उतरले, ते एप्रिलनंतर एकही लीग सामना न खेळता. पगार मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या कामगाराकडून उत्पादन मागण्यासारखे आहे हे.

ढाक्याच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली, ती कोणाच्या फारशी लक्षात नाही. रायन विल्यम्स हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला, आईकडून मुंबईचे नाते असलेला खेळाडू. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे पारपत्र घेतले. समोरच्या बांगलादेश संघात इंग्लंडमध्ये वाढलेला हमजा चौधरी मार्चपासून खेळत होता. विल्यम्स शिबिरात आला, सराव केला, आणि परवानगीचा कागद वेळेत न आल्याने मैदानाबाहेर राहिला. त्या कागदाचा पाठपुरावा प्रशिक्षकाने करायचा नसतो. तो महासंघाच्या कार्यालयाने करायचा असतो, आणि त्या कार्यालयातल्या कोणाचीही बदली झाल्याचे आमच्या तरी वाचनात आले नाही.