पेटी देवगडची, आंबा रोह्याचा. मग रोह्याचं नाव होणार कधी?

एप्रिल सरत आला की मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात आंब्याचे स्टॉल लागतात. पेटीवर ठळक अक्षरात छापलेलं असतं 'देवगड हापूस', नाहीतर 'रत्नागिरी हापूस'. आतला माल मात्र कधी पाच-सात किलोमीटरवरच्या बागेतला असतो, तर कधी कर्नाटकातून वाशी मार्केटला येऊन तिथून परत फिरलेला. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, वास घेतं, भाव करतं आणि पेटी डिकीत टाकतं. आंबा कुठला हे खरं तर विकणाऱ्यालाच माहीत.

यातली कर्नाटकाची भेसळ सगळ्यांना ठाऊक आहे. दिसायला हापूससारखा, भावाला स्वस्त. तो कोकणचा हापूस म्हणून विकू नका, असे इशारे वाशीच्या बाजार समितीने व्यापाऱ्यांना देऊन झालेत. त्यावर दरवर्षी ओरड होते, ती व्हायलाच हवी. पण दुसरी जी गोष्ट आहे तिच्यावर कोणी बोलत नाही, कारण ती आपल्याच अंगणातली आहे. रोह्याचा, पेणचा, मुरुडचा चांगला आंबासुद्धा देवगडच्या खोक्यात भरला जातो. कधी व्यापारी भरतो, कधी बागायतदार स्वतःच भरतो.

याची गरज आहे का, हे बघायला कायदा थोडा समजून घ्यावा लागेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं. ते एकट्या देवगडला किंवा रत्नागिरीला मिळालेलं नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळालं. म्हणजे रोहा तालुक्यातल्या कलमाचा हापूस हा कायद्याने अस्सल हापूसच आहे. त्याला 'हापूस' म्हणायला कोणाची लाज नको. पण 'देवगड' म्हटलं की ते खोटं झालं. जो माल खऱ्या नावाने विकता येतो, तो खोट्या नावाने विकायचा, असा हा उलटा व्यवहार आहे.

बागायतदाराची बाजूही आहे. रायगडचा आंबा दक्षिणेकडच्या आंब्यापेक्षा मागाहून तयार होतो. देवगड-रत्नागिरीवाले सुरुवातीचा चढा भाव घेऊन जातात, आपला माल बाजारात जातो तेव्हा आवक वाढून भाव उतरलेले असतात आणि पावसाची धास्ती डोक्यावर असते. त्यात गिऱ्हाईक विचारणार, "देवगडचा आहे ना?" नाही म्हटलं तर पुढच्या स्टॉलवर जाणार. फवारणीचा, राखणीचा, पेटीचा खर्च डोळ्यापुढे असलेला माणूस अशा वेळी मान डोलावतो. त्याला नुसतं चोर म्हणून मोकळं होता येत नाही. पण यात होतं काय, तर आंबा गोड निघाला की नाव देवगडचं होतं. पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक पुन्हा देवगडच मागतं. रोह्याचा बागायतदार घाम स्वतःचा गाळतो आणि जाहिरात दुसऱ्या तालुक्याची करतो.

तिकडे देवगडवाले आता गप्प बसलेले नाहीत. तिथल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर लावायचा स्टिकर आणला. त्यावर वेगळा नंबर असतो. गिऱ्हाईकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवायचा, मग स्टिकर फाडल्यावर आतला नंबर सांगायचा, तो जुळला तर माल खरा. उद्या मुंबईच्या गिऱ्हाईकाला ही सवय लागली, तर बिनस्टिकरची 'देवगड' पेटी घेऊन कोलाडला बसलेल्याने काय उत्तर द्यायचं?

शेजारच्या अलिबागने काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. तिथला पांढरा कांदा भात कापणीनंतरच्या रानात होतो, चवीला गोडसर, कमी तिखट, आणि माळ वेणीसारखी विणलेली. कृषी विभाग आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने २०१९ मध्ये अर्ज केला आणि २०२१ मध्ये मानांकनावर शिक्कामोर्तब झालं. कार्ले, खंडाळे, नेहुली ही गावं शहरातल्या लोकांना माहीत झाली ती कांद्यामुळे. आता महामार्गावर दिसणारी प्रत्येक पांढरी माळ अलिबागची म्हणूनच विकली जाते. पांढरा कांदा गुजरातेत महुव्यालाही ढिगाने पिकतो. दुसऱ्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने लावला तरी तो पांढरा कांदाच, पण अलिबागचा नव्हे. तिथे रोह्याच्या किंवा पेणच्या माणसाला ते नाव वापरायचा हक्क नाही. हापूसचं तसं नाही, तिथे हक्क आहे आणि तोच वापरला जात नाही.

'कुठला माल' हा प्रश्न सगळीकडे सरळ नसतो, हेही खरं. पेणच्या गणपतीला शाडूची माती गुजरातमधून येते, तरी मूर्ती पेणचीच, कारण साचा, हात आणि आखणी पेणची. आंब्यात मात्र माती आणि हवा हाच माल आहे.

१९९९ च्या जीआय कायद्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. कागदावर कडक आहे, रस्त्यावरच्या स्टॉलपर्यंत तो पोचताना कोणी फारसं पाहिलेलं नाही. गिऱ्हाईकाला तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बागायतदारासाठी वेगळी वाट आहे. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाची नोंद करायची. २०२० मध्ये नियम बदलले तेव्हा या नोंदणीची फी ५०० वरून १० रुपयांवर आली. सातबारा, फॉर्म, सह्या यांची धावपळ आहे, ती एकट्याला जड जाते. गावातल्या सोसायटीने किंवा शेतकरी गटाने एकत्र अर्ज केले तर काम हलकं होतं.

गिऱ्हाईक तर दारातच आहे. कुंडलिकेवर राफ्टिंगला येणारी मुंबई-पुण्याची मंडळी, थंडीत पोपटी खायला येणारे पाहुणे, यांना रोह्याचे वाल चालतात, मग रोह्याचा हापूस का चालणार नाही? पेटीवर 'रायगड हापूस' आणि खाली गावाचं नाव, बागायतदाराचा मोबाईल नंबर एवढं छापायला देवगडच्या खोक्याइतकाच खर्च येतो. पहिल्या वर्षी पेटीमागे थोडे पैसे कमी मिळतील, ती तयारी ठेवावी लागेल. आणि फळ कोवळं तोडून, घाईने पिकवून भरलं तर गावाचं नाव छापणं उलटं अंगाशी येईल.

गुजरातने वलसाडच्या हापूससाठी वेगळं मानांकन मागितलं आहे आणि कोकणातल्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने त्याला हरकत घेतली आहे. 'हापूस कोकणचाच' म्हणून भांडायला रायगडचाही आवाज लागणार. त्या वेळी आपला आंबा रायगडच्या नावाने किती पेट्यांत गेला, हे दाखवायला बाजाराची एखादी पावती तरी हाताशी असायला हवी.