पहिली विसारपावती होईपर्यंत

निफाड तालुक्यातल्या गावात जमीन-प्लॉटच्या व्यवसायात नव्याने उतरलेल्या मुलाला भाव किंवा क्षेत्र कोणी आधी विचारत नाही. पहिला प्रश्न ‘तू कोणाचा रे?’ असा असतो. पिंपळगाव बसवंतला जा, ओझरला जा, नाही तर लासलगावला. वडिलांचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘मग बाग सोडून हे कुठून काढलंस?’ शहरातल्या नवख्या एजंटाला गिऱ्हाईक ओळखत नाही, ही त्याची अडचण. इथे सगळे ओळखतात, ही अडचण. वडिलांवरचं सोसायटीचं कर्ज, बारावीत राहिलेला विषय, बंद पडलेलं मोबाइलचं दुकान, सगळं समोरच्याला ठाऊक असतं. अशा माणसापुढे पन्नास-साठ लाखांच्या सौद्याची गोष्ट काढायची म्हटलं की पंचविशीतल्या पोराच्या घशाला कोरड पडते.

आमच्याकडे येणाऱ्या तरुण वाचकांच्या पत्रांत हा सूर सतत असतो. ‘मला बोलता येत नाही’, ‘जुनी मंडळी बैठकीत बसली की माझं तोंडच उघडत नाही’, ‘हा धंदा आपल्याला जमेल का?’ त्यांना बहुतेक ठिकाणी जो सल्ला मिळतो तो आम्हाला पटत नाही. आरशासमोर बोलायचा सराव करा, कडक इस्त्रीचे कपडे घाला, हप्त्यावर का होईना चारचाकी घ्या. पार्टीवर छाप पडते म्हणे. पडतही असेल. पण निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार तुमची गाडी बघून जमीन दाखवत नाही. तुम्हाला त्याच्या जमिनीतलं कळतं की नाही, हे तो दोन वाक्यांत ओळखतो. तेव्हा या व्यवसायातला धीर कागदातून आणि बांधावरून येतो, असं आमचं ठाम मत आहे. बोलणं त्याच्या मागून आपोआप येतं.

एक साधं उदाहरण घेऊ. गावाबाहेरची एक एकर द्राक्षबाग विकायची आहे. नवखा एजंट काय करतो? फोटो काढतो, ‘महामार्गापासून दहा मिनिटांवर’ असं लिहून ग्रुपवर टाकतो आणि फोनची वाट बघतो. फोन आला की समोरचा तीन प्रश्न विचारतो, एकाचंही उत्तर नसतं आणि संध्याकाळी मुलगा स्वतःवरच चिडतो. त्याला वाटतं, आपण बोलायला कमी पडलो. तो कमी पडलेला असतो तो सातबारा वाचण्यात.

डिजिटल सहीचा सातबारा आज मोबाइलवर मिळतो. तो काढून नीट वाचायला वेळ द्यावा. भोगवटादार वर्ग १ आहे की २? वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. मग इतर हक्काचा रकाना. सोसायटीचं पीककर्ज, बँकेचा बोजा, जुन्या कुळाचं नाव सगळं तिथे येऊन बसतं. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो, हे आपल्याकडे नेहमीचं. मालकाला ते माहीतही नसतं. खरेदीच्या दिवशी ते उघडं पडलं तर सौदा मोडतो. तुम्ही आधी सांगितलं तर तोच मालक दुसऱ्या दिवशी चार माणसांत तुमचं नाव काढतो.

त्यानंतर फेरफार. सातबारावर जे क्रमांक दिलेले असतात, त्यातला प्रत्येक फेरफार काढून वाचावा. जमीन आजोबांकडून वडिलांकडे कशी आली, वाटणी कधी झाली, वारसनोंदीत कोणाची नावं लागली आणि कोणाची लागली नाहीत, हे तिथेच कळतं. इथे बहिणींचा विषय हमखास निघतो. ‘त्या काही मागत नाहीत’, असं भाऊ सांगतात आणि पुष्कळदा ते खरंही असतं. तरीही हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. वडील त्या दुरुस्तीआधी वारले असले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा बहिणींची खरेदीखतावर सही हवी, नाही तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं. हे बोलताना तरुण मुलगा सर्वांत जास्त अवघडतो, कारण तो दुसऱ्याच्या घरात डोकावतोय असं त्याला वाटतं. त्याने मोठ्या भावाला बाजूला घेऊन एवढंच म्हणावं: ‘नाना, ताईंना आधी विचारून घ्या. नंतर विचारलं तर त्यांना वाईट वाटेल आणि घेणारा अडून बसेल.’ यात कोणाचा अपमान होत नाही. शिवाय ताईंचा हक्क हा खरोखरच हक्क आहे. तो दाबून झालेल्या सौद्याची दलाली घेऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता कागद ठेवून बांधावर चला. आपल्या भागातल्या बऱ्याच बागांना पाणी लांबून येतं. कोणाची कादवा नदीवरून पाइपलाइन आहे, कोणाचा सामाईक विहिरीत हिस्सा आहे आणि पाळी ठरलेली आहे, कोणाचं शेत पालखेड धरणाच्या कालव्याखाली येतं. चुलत्याच्या शेताखालून गेलेली पाइपलाइन सातबारावर सहसा दिसत नाही. आज नात्यापोटी चाललंय, उद्या जमीन परक्याच्या हाती गेली की चुलते पाइप उकरून काढतील. मग नवा मालक कोरड्या बागेत उभा राहून तुम्हालाच फोन करणार. रस्त्याचंही तसंच. ट्रॅक्टर आज शेजाऱ्याच्या बांधावरून जातोय, पण नकाशात रस्ता आहे का? मांडवाचे अँगल, तारा, ठिबक यांची किंमत जमिनीच्या भावात धरली आहे की वेगळी? ऑक्टोबर छाटणी झालेली असेल तर उभं पीक कोणाचं? शासकीय मोजणी कधी झाली होती आणि हद्दीचे दगड जागेवर आहेत का? हे प्रश्न विचारत जो मुलगा मालकाबरोबर चारही बांध फिरून येतो, त्याला परत येईपर्यंत कोणी ‘तू कोणाचा’ म्हणून विचारत नाही. त्याला चहा विचारतात.

दुसरी मोठी अडचण नकार देण्याची. नव्या माणसाला वाटतं, आलेली पार्टी सोडली तर पुढची कधी येईल? म्हणून जे होणार नाही तेही ‘करून देतो’ म्हणतो. मुंबईहून माणूस येतो, पैसे तयार आहेत, बागेला लागून फार्महाऊस बांधायचंय. आधी त्याला विचारा, शेतकरी असल्याचा दाखला आहे का? कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. किंवा कोणी म्हणतो, एकरातले पाच-पाच गुंठे पाडून विकून टाक, गिऱ्हाईक रांगेत आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. ऑगस्ट २०२३ मध्ये विकता येणारं किमान, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं, त्यानंतरही सवलती जाहीर होत राहिल्या. नियम बदलत असतात, म्हणून व्यवहाराच्या दिवशीचा नियम निफाडला नोंदणी कार्यालयात जाऊन विचारावा, चहाच्या टपरीवर ऐकलेला धरू नये. आणि बिनशेती न केलेल्या जमिनीत चुन्याने रेघा मारून पाडलेले प्लॉट विकायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणावं. त्या प्लॉटवर कारखान्यातल्या कामगाराची, अंगणवाडी सेविकेची आयुष्यभराची बचत लागते. बांधकामाची परवानगी मिळत नाही, सातबारावर स्वतंत्र नाव लागत नाही, आणि प्लॉट पाडणारा तोवर दुसऱ्या गावाला गेलेला असतो. गावात राहतो तो एजंट. त्याला रोज त्या माणसाच्या दारावरून जावं लागतं.

नकार द्यायला लागल्यावर पहिले काही महिने हात रिकामे राहतात. याबद्दल खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. घरात भावाची नोकरी असेल, थोडी शेती असेल, तर ती या काळात सोडू नये. पहिल्या सौद्याच्या आशेवर कर्ज काढून ऑफिस थाटू नये. भाड्याची खोली आणि काचेचं टेबल असल्याने कोणी जमीन देत नाही.

घर-प्लॉटच्या प्रकल्पांच्या बाबतीत मात्र चित्र आता सरळ आहे आणि ते तरुणांच्या बाजूचं आहे. रेरा कायदा २०१६ चा, महारेराचं काम मे २०१७ पासून सुरू झालं. नोंदणीयोग्य प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकून द्यायचा असेल तर एजंटाची स्वतःची नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. जुन्या मंडळींनाही त्यातून सूट मिळाली नाही. मुदतीत प्रमाणपत्र न घेतल्यामुळे २०२४ मध्ये राज्यातल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. वीस वर्षं धंद्यात असलेला आणि कालपरवा आलेला, दोघांना एकाच बाकावर बसून पेपर सोडवायचा आहे. ज्याला बैठकीत तोंड उघडायची भीती वाटते, त्याने आधी हे प्रमाणपत्र घ्यावं. शेतजमिनीच्या सौद्याला ते कायद्याने लागत नाही, हे खरं. पण कार्पेट क्षेत्र काय, करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम का घेता येत नाही, हे ज्याला नेमकं माहीत आहे तो समोर बिल्डर बसला तरी खाली बघून बोलत नाही.

राहिला पैशाचा विषय. दलाली मागायची लाज हे या वयातलं फार मोठं दुखणं आहे. नात्यातला माणूस, वडिलांचा मित्र, शाळेतले सर, यांच्याकडे कसे मागायचे? म्हणून मुलगा शेवटपर्यंत बोलत नाही आणि खरेदी झाली की हातावर चहापाण्याचे पैसे ठेवले जातात. पिंपळगावच्या शेतकऱ्यापुढे पैशाचं बोलायला संकोच करू नये. याच गावच्या माधवराव खंडेराव मोरे यांच्यासारख्या नेत्यांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी १९८० साली कांद्या-उसाच्या भावासाठी शेतकरी संघटनेचा झेंडा घेऊन मुंबई-आग्रा महामार्ग अडवला होता. अडत कोणाकडून घ्यायची, यावर इथे वर्षानुवर्षं भांडणं झाली. २०१६ मध्ये ती शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हा बाजार समितीत काय चर्चा झाल्या ते आपल्या वाचकांना आठवत असेल. घामाचा दाम मागण्याला इथे कोणी कमीपणा मानत नाही. इथल्या माणसाला राग येतो तो न सांगता कापल्याचा. म्हणून दलाली किती टक्के, कोणाकडून, कधी, हे जमीन दाखवण्याआधी बोलावं आणि चार ओळींत लिहून दोन्ही बाजूंची सही घ्यावी. लिहिताना हात थरथरेल. तरी लिहावं. विसाराची रक्कमही बँकेतून घ्यायला लावावी. जमीन-घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी आहे. रोखीचा आग्रह धरणाऱ्या पार्टीला हे शांतपणे सांगता आलं की तुमचं वय तिच्या लक्षातही राहत नाही.

या व्यवसायात आता मुलीही येत आहेत. त्यांना ‘कोणाची’ या प्रश्नाबरोबर ‘एकटी कशी फिरणार?’ हाही झेलावा लागतो. त्यांच्यासाठी आमचं सांगणं इतकंच, की बांध पाहायला जाताना सोबत घ्यावी, पण कागद स्वतः वाचावेत आणि बोलणी स्वतः करावीत. सोबत आलेल्या भावाला उत्तर देऊ देऊ नये. बागेचा अर्धा कारभार ज्या घरांत बाईच बघते, त्या घरांत मुलीला माहिती लवकर मिळते, हा त्यांचा फायदा आहे.

शेवटचा शब्द ज्येष्ठ वाचकांसाठी. नव्या मुलांचा धीर सुटतो तो दरवेळी त्यांच्या स्वतःच्या उणिवेमुळे नाही. पार्टी मुलाने आणायची, तीन उन्हाळे त्याने फिरायचं, आणि बैठक ठरली की त्याला चहा आणायला पाठवून सौदा बसवायचा, हे आपल्यातच चालतं. पोरगा पुढच्या महिन्यात धंदा सोडतो आणि आपण म्हणतो, आजच्या मुलांत दम नाही. ज्याने पार्टी आणली त्याचा वाटा आधी कागदावर लिहायचा आणि खरेदीच्या दिवशी त्याच्या हातात द्यायचा, एवढं प्रत्येकाने आपल्यापुरतं पाळलं तरी निम्मी पत्रं आमच्याकडे येणार नाहीत. फेरफार कसा वाचायचा हे कोणत्याही प्रशिक्षणात नीट शिकवत नाहीत, ते तुम्हीच शिकवू शकता. पुढच्या अंकापासून आम्ही त्यासाठी चार पानं राखून ठेवतो आहोत. आपल्या हातून गेलेल्या अवघड व्यवहारांचे सातबारा आणि फेरफार, नावं आणि गट क्रमांक झाकून, आमच्याकडे पाठवा. त्यात अडचण कुठे होती आणि ती कशी सुटली, किंवा सुटलीच नाही, हेही लिहा.