कारणे बदलली, शस्त्रक्रिया तीच राहिली

१/५
अमेरिकी पालक-मासिकांत नवजात मुलाच्या सुंतेचा विषय बहुधा दोन रकान्यांत मांडलेला असतो: फायदे आणि तोटे. खाली समारोप, ‘निर्णय तुमचा’. मांडणी निःपक्ष भासते. तिच्यात इतिहासाला मात्र जागा नसते.

२/५
ज्यू व मुस्लिम धर्मविधी हा वेगळा विषय. येथे प्रश्न रुग्णालयातील प्रथेचा आहे. १८७० मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक लुईस सेअर यांनी सुंतेने पक्षाघात बरा झाल्याचा दावा केला. पुढे जॉन हार्वे केलॉग यांनी मुलांचे हस्तमैथुन रोखण्यासाठी तीच सुचवली, तीही भूल न देता!

३/५
हे दावे कोसळले. प्रथेला मग स्वच्छता, संसर्ग अशी नवी कारणे मिळत गेली. ब्रिटनमध्ये १९४९ साली डग्लस गेर्डनर यांनी या कारणांची चिकित्सा केली आणि तेथे प्रथा ओसरली.

४/५
अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९७१ मध्ये नवजाताच्या सुंतेला वैद्यकीय आधार नाकारला. २०१२ मध्ये तिने फायदे जोखमीहून अधिक मानले. तरीही सरसकट शिफारस केली नाही. पालकांचे लाडके मार्गदर्शक बेंजामिन स्पॉक आरंभी समर्थक होते. १९८९ मध्ये ‘रेडबुक’ मासिकात त्यांनीच ती अनावश्यक ठरवली.

५/५
आजार बदलत गेले, उपाय तोच राहिला. हा इतिहास गाळून ‘निर्णय तुमचा’ म्हणणे म्हणजे अर्धी माहिती देऊन पूर्ण जबाबदारी पालकांवर ढकलणे. ज्याच्या देहाचा प्रश्न आहे, त्याला तर अजून वाचाही फुटलेली नसते.